व्यसनी माणसाच्या घरानें कोणाचा सल्ला घ्यावा?

घरांत कोणास ताप आला तर डॉक्टरास बोलवावें, जमिनीचा तंटा उत्पन्न झाला तर वकिलाकडे जावें, मुलीचें लग्न ठरवावयाचें असेल तर चार वडील माणसांस विचारावें, या गोष्टी आपल्या घरांतील लहान मुलासहि ठाऊक असतात. परंतु घरांतील मिळवता पुरुष किंवा हाताशीं आलेला मुलगा दारूच्या आहारीं गेला आहे, हें ज्या दिवशीं निश्चितपणें कळून चुकतें, त्या दिवशीं चांगलीं शिकलेलीं माणसेंहि गोंधळून जातात. कोणाकडे जावें हें कळत नाहीं. आणि कळलें तरी पाऊल उचलत नाहीं. कारण जाणें म्हणजे सांगणें, आणि सांगणें म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणें, अशी आपली समजूत असते. मग दोन वर्षें जातात, चार जातात. दिवाणखान्यांत पाहुण्यांशीं हंसून बोलणारें तें घर आंतून पोखरत राहतें.

या विषयावर दारूच्या दुष्परिणामांचें वर्णन करण्याची आमची इच्छा नाहीं. तें वाचकांनीं पुष्कळ वाचलें आहे, आणि ज्यांच्या घरीं हा प्रसंग आहे त्यांस तें आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, योग्य सल्लागार शोधण्याचें काम घरानें आपलें समजून हातीं घ्यावें, आणि व्यसनी माणूस स्वतः यावयास तयार होईल त्या दिवसाची वाट पाहत बसूं नये. पहिल्या भेटीस त्याची पत्नी, आई किंवा भाऊ गेला तरी चालतें. किंबहुना पुष्कळ ठिकाणीं आरंभ असाच होतो.

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागांत, बागलाण तालुक्यांत, मोसम नदीच्या कांठीं नामपूर हें गांव आहे. कांद्याच्या मोठ्या बाजारामुळें आसपासच्या खेड्यांतील लोकांची तेथें नित्य ये-जा असते. अशा गांवांत प्रत्येकजण प्रत्येकास ओळखतो. औषधाच्या दुकानांतून कोणत्या घरीं काय गेलें हेंहि लपत नाहीं. तालुक्याचें ठिकाण सटाणा जवळ आहे, मालेगांवहि फारसें दूर नाहीं. पण नाशिक शहर म्हणजे सुमारें शंभर किलोमीटरांची वाट. मोठ्या शहरांतील कुटुंबास मानसोपचारतज्ज्ञ हवा असेल तर रिक्षा करून जातां येतें. नामपूरच्या कुटुंबास त्याकरितां एक सबंध दिवस, एसटीचें भाडें आणि शेजाऱ्यांस सांगावयाचें एक निमित्त, हीं तिन्ही जमवावीं लागतात. म्हणून आम्ही हा लेख नामपूर डोळ्यांपुढें ठेवून लिहीत आहों. तेथील घरास जें साधेल तें इतर कोठल्याहि घरास साधण्यास अडचण पडूं नये.

अशा प्रसंगीं घरें प्रथम काय करितात तें पाहूं. पहिला उपाय शपथेचा. सटाण्यास देवमामलेदार म्हणून पूज्य झालेल्या यशवंतराव महाराजांचें मंदिर आहे. बागलाणांतील माणसास देवासमोर शपथ घेण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. शपथ घेणारा त्या क्षणीं बहुधा प्रामाणिक असतो, ही गोष्ट घरच्यांनीं विसरूं नये. परंतु वर्षानुवर्षें मद्याची सवय झालेलें शरीर व मेंदू त्या शपथेस बांधलेले नसतात. मद्य एकाएकीं बंद झालें कीं कांहीं तासांतच हात कांपूं लागतात, घाम सुटतो, झोंप उडते. आणि फार दिवसांच्या, फार पिणाऱ्या माणसास पुढील दोनचार दिवसांत आंकडी येणें, भास होणें, भ्रम होणें, असे प्रकार होऊन प्रसंगीं प्राणावरहि बेततें. शपथ मोडली म्हणून आपण ज्यास बेइमान म्हणतों, तो पुष्कळदां हा त्रास न सोसून पुन्हां पेल्याकडे वळलेला असतो. यासाठीं रोज पिणाऱ्या माणसास घरांत कोंडून त्याची दारू एकदम तोडणें धोक्याचें आहे. सोडणें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं झालें पाहिजे. हा त्रास कमी करणारीं औषधें आहेत. चारआठ दिवस तीं नीट दिलीं म्हणजे शरीर पुष्कळसें सांवरतें.

दुसरा उपाय लग्नाचा. जबाबदारी अंगावर पडली म्हणजे सुधारेल, असें म्हणून दुसऱ्याची मुलगी या आगींत आणली जाते. आणि तो सुधारला नाहीं म्हणजे दोष तिच्या पायगुणास. यावर अधिक लिहिणें आम्हांस अनवश्यक वाटतें.

तिसरा उपाय झांकण्याचा. शाळेच्या मुख्याध्यापकांस 'आज प्रकृति बरी नाहीं' अशी चिठ्ठी पत्नी लिहिते. दुकानदाराची उधारी म्हातारे वडील आपल्या पेन्शनीतून फेडतात. रात्रीं पडला तर धाकटा भाऊ उचलून आणतो व सकाळीं कोणीच कांहीं बोलत नाहीं. यांतील प्रत्येक कृत्य मायेचें आहे. परंतु या सर्वांची बेरीज अशी होते कीं, व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसाखेरीज बाकी सर्वांस भोगावे लागतात, आणि थांबण्याचें कारण त्याच्यापाशीं उरत नाहीं.

चौथा उपाय सर्वांत भयंकर, आणि तो आपल्या सुशिक्षित घरांतूनहि चालतो. 'न सांगतां दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून एखादी पूड मागविली जाते व ती चहांत किंवा वरणांत कालवून दिली जाते. त्यांत काय आहे हें देणाऱ्यास माहीत नसतें. दारू सोडविण्याचें एक औषध खरोखरच आहे. डायसल्फिराम नांवाच्या या द्रव्याचा गुण डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन या संशोधकांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केला. तें पोटांत असतां मद्य घेतलें तर मद्याचें शरीरांत होणारें पचन अर्ध्यावर अडतें, एक विषारी द्रव्य रक्तांत सांठतें, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. क्वचित् मृत्यूहि येतो. म्हणूनच तें रोग्यास सर्व समजावून, त्याच्या संमतीनें व त्याचें यकृत-हृदय तपासूनच द्यावयाचें असतें. ज्यास माहीत नाहीं तो नेहमींप्रमाणें पिणारच. अशी पूड चोरून देणारी आई वा पत्नी प्रेमानें देत असेल. पण ती विषाशीं खेळत असते, हें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे.

मौन हें तर या सर्व उपायांच्या मुळाशीं आहे. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले व त्यानंतर त्यांचें 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. शंभराहून अधिक वर्षें मराठी कुटुंबें सिंधूसाठीं डोळे पुसत आलीं आहेत. सुधाकर अडाणी नव्हता, वकील होता. घर कुलीन होतें. सिंधूनें तक्रार केली नाहीं, माहेरीं गेली नाहीं, दळण दळून संसार रेटला. प्रेक्षकांनीं तिला साध्वी म्हटलें व तें योग्यच. पण नाटकाचा शेवट काय होतो? तिच्या सहनशीलतेनें ना सुधाकर वांचला, ना तें मूल, ना ती स्वतः. गडकऱ्यांनीं सर्वनाश दाखविला आणि आपण मात्र त्यांतून सोसण्याचा आदर्श तेवढा उचलला. सिंधूस कोणाकडे जावें हें सांगणारें त्या काळीं कोणी नव्हतें. आजच्या सिंधूस तें आहे. आणि तरीहि ती गप्प राहिली तर त्याचा दोष तिच्यावर नव्हे, तिला गप्प बसविणाऱ्या घरावर येईल.

हा प्रश्न थोड्या घरांचा आहे असेंहि कोणी समजूं नये. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकरितां दिल्लीच्या एम्स संस्थेनें देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें मद्यामुळें ज्यांस मदतीची गरज आहे अशांची संख्या देशांत सुमारें ५ कोटि ७० लक्ष भरते. आणि मद्याच्या पूर्ण आधीन झालेल्या दर ३८ माणसांपैकीं केवळ एकास कांहीं तरी उपचार मिळालेला आहे. बाकीचे ३७ कोठें आहेत? ते आपापल्या घरांत आहेत आणि त्यांचीं घरें गप्प आहेत.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. पहिली पायरी आपल्या नेहमींच्या डॉक्टरांची. गांवांतील किंवा तालुक्यांतील सरकारी रुग्णालयांत जाऊन सर्व हकीकत न लपवितां सांगावी: किती वर्षें पितो, रोज किती, सकाळीं उठल्याबरोबर लागते काय, पूर्वीं कधीं आंकडी आली होती काय, कावीळ झाली होती काय. 'पित्ताचा त्रास आहे' असें सांगून आणलेलें औषध पित्ताचेंच असणार. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयामार्फत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालतो. तज्ज्ञ केव्हां व कोठें भेटतात हें तेथील डॉक्टरांस विचारून घ्यावें.

दुसरी पायरी टेलिफोनची. नामपूरसारख्या गांवास ही सोय फार मोलाची आहे, कारण तीस एसटी लागत नाहीं आणि निमित्तहि लागत नाहीं. व्यसनमुक्तीसाठीं सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे. मानसिक आरोग्याकरितां 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र चालते व मराठींत बोलतां येतें. तंबाखू सोडूं इच्छिणाऱ्यांकरितां १८००-११-२३५६ हा क्रमांक वेगळा आहे. आणि ज्या घरांत दारूच्या नांवानें कानांस हात लावितात पण तंबाखूची डबी व मिश्री देव्हाऱ्याशेजारींच ठेवितात, त्या घरांनीं तो विशेष लिहून ठेवावा. हे फोन व्यसनी माणसानेंच केले पाहिजेत असें मुळींच नाहीं. घरांतील एखाद्या स्त्रीनें दुपारच्या निवांत वेळीं केला तरी तिचें ऐकून घेतलें जातें व जवळचा मार्ग सांगितला जातो.

तिसरी पायरी समुपदेशकाची. येथें दोन व्यवसायांतील भेद ध्यानीं घ्यावा. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो; औषध देण्याचा अधिकार त्याचा. समुपदेशक औषध देत नाहीं. तो आठवड्यास किंवा पंधरवड्यास भेटून माणसास आपल्या पिण्याचीं निमित्तें ओळखावयास शिकवितो, मोहाचा क्षण कसा टाळावा, मित्रांस नाहीं कसें म्हणावें, बुडालेल्या नोकरीची व नात्याची घडी पुन्हां कशी बसवावी याची तालीम देतो. आणि घरच्यांनीं कसें वागावें हेंहि सांगतो. शरीराची सवय औषधानें आठवड्यांत सुटते, मनाची सुटावयास महिने लागतात. म्हणून दोघांचीहि गरज असते.

आपल्याकडे समुपदेशक ही पाटी लावणाऱ्यांत पारखून घेण्याची पाळी कुटुंबावरच येते. पहिल्याच भेटींत पुढील गोष्टी मोकळेपणें विचाराव्या. आपलें शिक्षण काय व कोठें झालें? व्यसनी रोग्यांबरोबर किती वर्षें काम केलें? आपल्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत? घरच्या माणसांसहि भेट देतां काय? फी किती व किती भेटींची? पुन्हां पिऊं लागला तर आपण काय करितां? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत महत्त्वाचें. जो म्हणेल, 'आमच्याकडून गेलेला पुन्हां पीत नाहीं', त्याच्या पायऱ्या पुन्हां चढूं नयेत. कारण पुन्हां घसरणें हा या रोगाचा नित्याचा भाग आहे. मधुमेह्याची साखर पुन्हां वाढली म्हणजे आपण उपचार पुन्हां नीट करितों, तसेंच येथेंहि करावयाचें असतें.

माणसास दाखल करावयाचें असेल तर अधिक सावधगिरी हवी. रात्रीं गाडी पाठवून रोग्यास उचलून नेऊं असें सांगणारीं, मारहाण करणारीं, महिनोन् महिने घरच्यांस भेटूं न देणारीं ठिकाणें आहेत, आणि त्रासलेलीं घरें त्यांस पैसे देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशीं निगडित विकारहि मानसिक आजारांत धरले आहेत. त्या कायद्याप्रमाणें कोणाहि रोग्यास साखळीनें बांधणें निषिद्ध आहे. त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्यास तज्ज्ञांची तपासणी व ठराविक कारणें लागतात. आणि उपचाराविषयीं गुप्तता हा रोग्याचा हक्क आहे. अब्रूची ज्यांस भीति वाटते त्यांनीं हें शेवटचें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. सल्लागारास सांगितलेली गोष्ट गांवांत येऊं नये अशी तजवीज कायद्यानेंच केली आहे. अब्रू जाते ती बहुधा रस्त्यावर पडलेल्या माणसामुळें. डॉक्टरांच्या खोलींत बसलेल्या माणसामुळें नव्हे.

महाराष्ट्रांत या कामाचा एक चांगला नमुना आहे. १९८० नंतरच्या दशकांत पुण्यांतील चांगल्या घरचीं मुलें 'गर्द' नांवाच्या विषाच्या नादीं लागूं लागलीं. डॉ. अनिल अवचट यांनीं त्या मुलांमध्यें हिंडून लिहिलें. तें वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं साहाय्य पुढें केलें. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. १९९७ सालीं अनिताबाई निवर्तल्या. पुढें त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं हें काम सांभाळलें. या केंद्राच्या दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. एक अशी कीं, तेथून बरे झालेल्या रोग्यांतूनच पुष्कळ कार्यकर्ते व समुपदेशक तयार झाले. जो स्वतः त्या वाटेनें गेला व परतला, त्याच्यापुढें नव्या रोग्याचीं सोंगें टिकत नाहींत आणि त्याची लाजहि टिकत नाहीं. दुसरी अशी कीं, रोग्यांच्या पत्नींकरितां तेथें 'सहचरी' नांवाचा गट आहे. तिच्याहि मनास जखमा झालेल्या आहेत आणि तिलाहि बोलावयास जागा हवी, हें तेथें ओळखलें गेलें.

याच जातीचा दुसरा प्रयत्न समुद्रापलीकडे त्याआधीं पन्नास वर्षें झाला होता. १९३५ च्या जूनांत अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं बिल विल्सन हा रोखेबाजारांतील गृहस्थ व बॉब स्मिथ नांवाचे शल्यवैद्य, दोघेहि मद्यापायीं बुडालेले, एकमेकांस सांवरूं लागले; त्यांतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी निघाली. भारतांत तिचें काम १९५७ पासून आहे. तेथें फी नाहीं, आडनांव सांगावें लागत नाहीं; पिणें सोडण्याची इच्छा एवढीच अट. कुटुंबियांकरितां १९५१ सालीं 'अल-ॲनॉन' ही बहीण-संस्था निघाली. नाशिकास वा मालेगांवीं जाणें-येणें असणाऱ्यांनीं तेथें अशा सभा कोठें भरतात याची चौकशी जरूर करावी. औषधाची जागा त्या घेऊं शकत नाहींत. पण औषध संपल्यानंतरच्या लांब वाटेवर सोबत देतात.

आतां एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस आमची दोन शब्दांची विनंति. एकत्र कुटुंब हें या रोगांत मोठें बळ आहे, आणि तेंच मोठें विघ्नहि होऊं शकतें. बाप रागावतो, आई चोरून पैसे देते, काका उपदेश करितात, आणि सुनेस सर्वांनीं मिळून 'तूं नीट वागलीस तर तो कशाला पिईल' असें ऐकवावें, अशा घरांत कोणताहि समुपदेशक यशस्वी होणार नाहीं. प्रथम सर्वांनीं एकत्र बसून एक मत ठरवावें. त्याची उधारी कोणीं फेडावयाची नाहीं, त्याच्यासाठीं खोटें कोणीं बोलावयाचें नाहीं, पण जेवणास, औषधास व डॉक्टरांकडे जाण्यास पैसा कमी पडूं द्यावयाचा नाहीं. तो शुद्धींत असतां, सकाळच्या वेळीं, ज्याचें तो ऐकतो अशा एकाच माणसानें त्याच्याशीं बोलावें. प्यालेल्या माणसाशीं रात्रीं वाद घालणें व्यर्थ. आणि घरांत मारहाण होत असेल तर सुनेस व मुलांस सुरक्षित ठिकाणीं पोंचविणें हें सर्वांआधीं. तो आजारी आहे म्हणून तिनें मार खावा, असें कोणतेंहि शास्त्र सांगत नाहीं.

मुलांस मात्र कांहीं तरी सांगावें. तीं सर्व पाहत असतात. मोठीं माणसें बोलत नाहींत म्हणून दोष आपलाच असेल असें त्यांस वाटूं लागतें. बाबांस आजार आहे, तो तुमच्यामुळें झालेला नाहीं आणि त्यावर उपचार चालले आहेत, एवढीं तीन वाक्यें दहा वर्षांच्या मुलास समजतात व पुष्कळ धीर देतात.

नामपुरांत किंवा अन्यत्र, हा लेख ज्या घरांत वाचला जाईल त्यांपैकीं कांहींत हा प्रश्न आजच उभा असेल. त्या घरांतील जी व्यक्ति हीं पानें कोणी येण्यापूर्वीं मिटून ठेवील, तिला आमचें सांगणें इतकेंच कीं, त्याच्या होकाराची वाट पाहूं नका. प्रथम आपण स्वतः जा, आणि जाणें शक्य नसेल तर आज दुपारीं फोन करा. तो उद्यां तयार होईल कीं वर्षानें होईल हें कोणास सांगतां येणार नाहीं. परंतु त्या दिवशीं त्यास कोठें न्यावयाचें हें घरांतील एका तरी माणसास ठाऊक असलें पाहिजे.